तीन मिनिटांची शांतता

पन्नाशी ओलांडलेल्यांना ट्रंक कॉल म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. तरुणांसाठी थोडक्यात सांगतो. पूर्वी परगावी फोन करायचा तर नुसता नंबर फिरवून भागत नसे. आधी एक्स्चेंजकडे नोंद करायची आणि मग वाट पाहायची. कधी तासभर, कधी चार तास, कधी अख्खा दिवस. कारण साधे होते. आमच्यासारख्या कोकणातल्या तालुक्याच्या गावाला बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या लाइनी बोटांवर मोजण्याइतक्या, आणि एका लाइनीवर एका वेळी एकच संभाषण. बोलणारे अनेक आणि वाट एक.

नोंद करताना ऑपरेटर बाई विचारत, "ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग?" अर्जंटला दुप्पट पैसे पडत आणि लाइटनिंगला आठपट. लाइटनिंग म्हणजे वीज. विजेसारखा तो कॉल बाकीच्या सगळ्यांच्या डोक्यावरून पुढे निघून जाई.

साल १९८२. मे महिना, आंब्याचा हंगाम. मी बारा वर्षांचा होतो. अब्बा जहाजावर होते, दूर कुठल्या तरी समुद्रात. घरी दादी अंथरुणाला खिळलेली. त्या दिवशी सकाळी ती अम्मीला म्हणाली, "माझ्या लेकीला बोलवा." तिची लेक, म्हणजे माझी फुप्पी, मुंबईला डोंगरीत राहायची. तिच्या चाळीखालच्या दुकानात फोन होता. अम्मी मला घेऊन पोस्टात गेली आणि ऑर्डिनरी कॉल लावला. लाइटनिंगचे पैसे आमच्याकडे नव्हते.

बाकड्यावर आमच्या आधी एक धोतर-टोपीतले गुरुजी बसले होते. त्यांचाही ऑर्डिनरीच होता. दुपारपर्यंत आंब्याचे दोन व्यापारी येऊन गेले. मुंबईच्या मार्केटात पेटीचा भाव काय चालला आहे हे त्यांना विचारायचे होते. आले, लाइटनिंग लावला, बोलले, गेले. आम्ही आणि गुरुजी बसूनच. तीनच्या सुमारास ऑपरेटर बाईंनी खिडकीतून अम्मीला विचारले, "भाभी, कशासाठी हो फोन?" अम्मीने सांगितले. बाई काही बोलल्या नाहीत. पाच मिनिटांनी आतून हाक आली, "चला भाभी, मुंबई लागली. लवकर बोला."

फुप्पी रात्रीच्या एस.टी.त बसली आणि सकाळी घरी पोहोचली. दुपारी दादी गेली. जाताना लेकीचा हात हातात होता.

ही गोष्ट मी अनेकदा सांगितली आहे. ऐकणारे म्हणतात, ती बाई देवमाणूस. खरेच आहे ते. मात्र त्या गोष्टीतला एक माणूस मी नेहमी गाळत आलो. यंदा एका प्रसंगाने त्याची आठवण करून दिली.

उन्हाळ्यात गावी गेलो होतो. अम्मी आता पंचाहत्तरीची. तिचे डॉक्टर मुंबईत, आणि दर पंधरवड्याला ते मोबाइलच्या पडद्यावरून तिची विचारपूस करतात. आमच्या घरात इंटरनेट आहे, पण डोंगराच्या कुशीत असल्याने त्याची गती बेताची. त्यावर सुट्टीला आलेली सहा पोरे, प्रत्येकाच्या हातात फोन. कुणी क्रिकेट पाहतो, कुणी सिनेमा उतरवून घेतो. डॉक्टरांचा चेहरा पडद्यावर थिजून राही आणि आवाज तुकड्यातुकड्यांनी येई. शेवटी माझा भाचा उठला, तो अभियंता आहे. वायफायच्या डब्याच्या सेटिंगमध्ये त्याने काही तरी केले आणि म्हणाला, "मामू, नानीच्या फोनसाठी राखीव जागा ठेवली. आता बाकीचे काहीही पाहू देत." आणि खरोखरच डॉक्टरांचा चेहरा हलू-बोलू लागला.

राखीव जागा! मी कवी माणूस, बी.ए. झालेला. यंत्रातले मला फारसे कळत नाही. पण हा शब्द मनात घर करून बसला. एकाच अरुंद वाटेवर अनेकांची ये-जा असेल तर कुणाला आधी सोडायचे आणि कुणासाठी जागा राखायची, हा प्रश्न इंटरनेटने जन्माला घातलेला नाही. त्याच्या आधी तो टेलिफोनला पडला होता आणि बिनतारी संदेशांनाही. बिनतारी संदेशांच्या बाबतीत त्याची किंमत माणसांच्या जिवाने मोजली गेली.

१४ एप्रिल १९१२ ची रात्र. टायटॅनिक जहाज उत्तर अटलांटिकमधून न्यूयॉर्ककडे निघाले होते. बिनतारी यंत्र तेव्हा नवलाईचे होते. ते ठिणगीवर चाले आणि त्याचा आवाज एका बारीक पट्टीत मावत नसे, आजूबाजूच्या पट्ट्यांवरही सांडे. जवळपासच्या दोन जहाजांपैकी एक बोलू लागले की दुसऱ्याला तिसऱ्याचे काही ऐकू येत नसे. म्हणजे सारा समुद्र मिळून एकच सामाईक लाइन, आणि तीही संथ. संदेश एकेक अक्षर करून टिकटिकत पाठवायचा.

टायटॅनिकवर जॅक फिलिप्स आणि हॅरॉल्ड ब्राइड हे दोन बिनतारी ऑपरेटर होते. पगाराने ते मार्कोनी कंपनीचे नोकर. कंपनीचा धंदा प्रवाशांच्या खासगी तारांवर चाले. धनिक प्रवासी नातलगांना ख्यालीखुशाली कळवत आणि घ्यायला या म्हणून सांगत. त्यातच दोन दिवसांपूर्वी यंत्र बिघडले होते. ते दुरुस्त होईपर्यंत तारांचा ढीग तुंबला होता. त्या रात्री फिलिप्स न्यूफाउंडलंडच्या केप रेस केंद्राशी संधान बांधून तो ढीग उपसत होते. अकराच्या सुमारास जवळच उभ्या असलेल्या कॅलिफोर्नियन या जहाजाच्या ऑपरेटरने मध्येच हाक घातली: आम्ही थांबलो आहोत, चहूकडे बर्फ आहे. जहाज जवळचे, त्यामुळे आवाज कानठळ्या बसवणारा. केप रेसचा क्षीण आवाज त्यात बुडाला. फिलिप्स यांनी वैतागून त्याला गप्प राहायला सांगितले, मी केप रेसशी बोलतो आहे म्हणून. कॅलिफोर्नियनचा ऑपरेटर एकटाच होता, दिवसभर कामाला जुंपलेला. त्याने थोडा वेळ ऐकले, साडेअकराच्या सुमारास कानावरचे यंत्र काढले आणि तो झोपायला गेला. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी टायटॅनिक हिमनगावर आदळले. त्यानंतरच्या हाका कॅलिफोर्नियनवर ऐकायला कुणी जागे नव्हते. हाक ऐकून धावले ते सुमारे ५८ मैलांवरचे कार्पेथिया. ते पहाटे पोहोचले तोवर जवळपास दीड हजार माणसे गेली होती.

फिलिप्स यांना मी दोष देणार नाही. जहाज बुडेपर्यंत ते यंत्रापाशी बसून हाका देत राहिले आणि वाचले नाहीत. दोष होता तो मांडणीचा. पैसे देऊन पाठवलेली खुशालीची तार आणि बर्फाचा इशारा एकाच लाइनीवर, एकाच रांगेत होते. शिवाय लाइन सतत भरलेली राहण्यातच धंद्याचा फायदा होता.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. संकटाच्या हाकेला सर्वांआधी वाट द्यायची, हा नियम टायटॅनिकच्या आधीच, १९०६ च्या बर्लिन परिषदेत झाला होता. पण हाक ऐकूच आली नाही तर तिला वाट देणार कशी? सगळेच बोलत असतील तर सर्वात क्षीण आवाज हरवतो, आणि बुडणाऱ्याचा आवाज बहुधा क्षीणच असतो. त्यामुळे नुसता अग्रक्रम पुरेसा नव्हता. हाकेसाठी जागा आधीच मोकळी ठेवायला हवी होती, हाक येवो वा न येवो.

टायटॅनिकनंतर लंडनमध्ये परिषदा झाल्या. जहाजांच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार जानेवारी १९१४ मध्ये झाला. जहाजावर अहोरात्र कुणी तरी कान देऊन बसले पाहिजे, हा विचार रुजला. आणि पुढे मला सर्वात सुंदर वाटणारा नियम पक्का झाला. जहाजांच्या बोलण्याची आणि संकटाच्या हाकेची जी सामाईक लहर होती, ५०० किलोहर्ट्झची, तिच्यावर दर तासाला दोनदा तीन-तीन मिनिटे जगभर सर्वांनी गप्प बसायचे. तासाच्या पंधराव्या मिनिटापासून अठराव्यापर्यंत आणि पंचेचाळिसाव्यापासून अठ्ठेचाळिसाव्यापर्यंत. त्या वेळात कुणी बोलायचे नाही, सर्वांनी फक्त ऐकायचे. कुणी संकटात असेल तर त्याने तेवढ्यात हाक द्यावी. यंत्र कितीही दुबळे असो, त्या शांततेत ते ऐकू येईल.

हिशेब केला तर साठ मिनिटांतली सहा मिनिटे, म्हणजे दहा टक्के वाट राखीव. बाकी नव्वद टक्के वाटेवर व्यापार, हवामान, ख्यालीखुशाली, काय हवे ते बोला.

अब्बा सुट्टीवर आले की त्या घड्याळाचे वर्णन करत. ते जहाजावर साधे खलाशी होते. पण रेडिओ ऑफिसरला चहा द्यायला त्या खोलीत जात. सगळे खलाशी त्याला मार्कोनीसाहेब म्हणत. त्या खोलीत भिंतीवर एक घड्याळ असे. त्याच्या तबकडीवर पंधराच्या आणि पंचेचाळीसच्या घरापासून पुढे तीन-तीन मिनिटांच्या लाल पाचरी रंगवलेल्या. "कलिंगडाच्या दोन फोडी," अब्बा म्हणत. काटा फोडीवर आला की मार्कोनीसाहेब पाठवणे थांबवून कानावर हात दाबून बसायचा. अब्बाही चहाचा कप न वाजवता खाली ठेवायचे. ग्रिनिचच्या वेळेने ठरलेला हा नियम. आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, म्हणून मुंबईच्या घड्याळातही त्या लाल फोडी बरोबर त्याच जागी येत. अटलांटिकवरचा ऑपरेटर आणि अरबी समुद्रावरचा ऑपरेटर एकाच क्षणी गप्प होत. कोणी कोणाला ओळखत नसे. फेब्रुवारी १९९९ मध्ये उपग्रहांवर आणि स्वयंचलित यंत्रांवर चालणारी नवी व्यवस्था जगभर पूर्णपणे लागू झाली आणि ही शांतता इतिहासजमा झाली.

मात्र राखलेली जागा उपयोगी पडायला हाक देणाऱ्याकडे आवाज हवा. आम्हा कोकणवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबई अगदी नजरेच्या टप्प्यात, तरी बातमी पोहोचायला दुपार उजाडली, तीही पोहत आलेल्या माणसाच्या तोंडून. समुद्रावरच्या शांततेच्या त्या मिनिटांत रामदास काहीच बोलू शकली नाही.

जमिनीवरही हाच धडा गिरवावा लागला. नोव्हेंबर १९३५ मध्ये लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवर एका घराला आग लागून पाच स्त्रियांचा मृत्यू झाला. समोरच्या शेजाऱ्याने अग्निशामक दलाला फोन लावला होता, पण एक्स्चेंजच्या रांगेत तो ताटकळला. चिडून त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहिले. तेव्हा मदत हवी असली तरी शून्य फिरवायचे आणि साधी चौकशी असली तरी शून्यच. ऑपरेटरला समोर दिवे लागलेले दिसत, पण त्यांतला कोणता दिवा आगीचा हे कळणार कसे? जून १९३७ च्या अखेरीस लंडनमध्ये ९९९ हा नंबर सुरू झाला. तो फिरवला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागे आणि कर्णा वाजे. आपल्याकडचा आजचा ११२ हा त्याच घराण्यातला.

इथवर राखीव जागा गरजेसाठी होती. पण तिला दुसरेही वळण लागले. १९६० च्या दशकात अमेरिकेने आपल्या लष्करासाठी ऑटोव्हॉन नावाचे वेगळे टेलिफोनचे जाळे उभारले. त्याच्या फोनवर नेहमीच्या बारा बटणांच्या शेजारी चार बटणांची आणखी एक ओळ होती. प्रत्येक बटण म्हणजे तातडीची एक पायरी. सर्वात वरच्या पायरीचे नाव होते फ्लॅश ओव्हरराइड. ती राष्ट्राध्यक्ष आणि सर्वोच्च सेनाधिकाऱ्यांसाठी. लाइन मोकळी नसेल तर वरच्या पायरीचा कॉल खालच्याला सरळ तोडून आत शिरे. बोलता बोलता कानात एक सूर वाजायचा, की समजायचे आपले बोलणे संपले.

इंटरनेटच्या मूळ नियमांत हीच भाषा उतरली. सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेल्या दस्तऐवजात इंटरनेटवरच्या प्रत्येक पुडक्याची रचना ठरली. पुडके म्हणजे आपण पाठवलेल्या मजकुराचा छोटा तुकडा, पत्ता लिहिलेला. त्या पत्त्याच्या पट्टीवर तीन बिट तातडीसाठी ठेवले होते. तीन बिटांत आठ पायऱ्या मावतात आणि त्यांतल्या पायऱ्यांची नावेही लष्करी फोनसारखीच होती, फ्लॅश, फ्लॅश ओव्हरराइड वगैरे. लष्करात हे चालते, कारण तिथे कुणी कुठले बटण दाबायचे हे हुकुमाने ठरते. सार्वजनिक जाळ्यावर मात्र कुणालाही आपल्या पुडक्यावर तातडीचे म्हणून शिक्का मारता येतो. सगळ्यांनीच पाकिटावर तातडीचे लिहिले तर पोस्टमन काय करणार? त्यामुळे ती खूण सार्वजनिक इंटरनेटवर बराच काळ जवळपास कोरीच राहिली.

आणि मग गर्दी झाली. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली इथे विद्यापीठ आणि शेजारची प्रयोगशाळा यांच्यामधली लाइन अशी तुंबली की सेकंदाला ३२ हजार बिटांची गती ४० बिटांवर आली. अंतर होते अवघे चारशे यार्ड. चालत गेले असते तर निरोप लवकर पोहोचला असता. व्हॅन जेकबसन यांनी यावर जो उपाय शोधला, तो १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे सार असे, की वाट तुंबल्याची चाहूल लागताच प्रत्येक संगणकाने आपणहून हात आखडता घ्यायचा. म्हणजे सौजन्यच, पण यंत्राला शिकवलेले.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या महासंगणकांना जोडणारे एन.एस.एफ. नेट हे जाळेही गुदमरत होते. त्याची मुख्य वाहिनी सेकंदाला ५६ हजार बिटांची. आज आपल्या खिशातला फोनही यावर हसेल. तिच्यावर दोन प्रकारचे लोक होते. काही जण मोठमोठ्या फाइली पाठवत. काही जण टेलनेटने काम करत, म्हणजे इथे कळ दाबायची आणि दूरच्या संगणकाने ती ऐकून अक्षर परत पडद्यावर दाखवायचे. फाइलवाल्याला दोन मिनिटे उशीर झाला तरी तो चहा पिऊन येतो. टेलनेटवाल्याला प्रत्येक अक्षरामागे थांबावे लागले तर त्याचे कामच बंद पडते.

आता हिशेब पाहा. एका कळीचे पुडके पत्त्यासकट सुमारे ४१ बाइटांचे, म्हणजे ३२८ बिट. सेकंदाला पाच कळा दाबणाऱ्याला सोळाशे-साडेसोळाशे बिट लागतात. ५६ हजारांत हे तीन टक्केही नाहीत. पण दीड हजार बाइटांचे एकच मोठे पुडके त्या वाहिनीवरून जायला सेकंदाचा पाचवा हिस्सा घेते. अशी वीस पुडकी पुढे उभी असली तर बिचाऱ्या एका अक्षराला चार सेकंद थांबावे लागणार. म्हणजे लहानाला पुढे जाऊ दिले तर मोठ्याचे जवळपास काही जात नाही, आणि नाही दिले तर लहानाचे सगळे जाते.

या जाळ्याचे मार्ग ठरवणारी यंत्रे डेव्हिड मिल्स यांनी घडवलेली होती. त्यांना लाडाने फझबॉल म्हणत. संगणकांची घड्याळे जगभर एकमेकांशी जुळवून ठेवणारी पद्धत शोधली तेही हेच गृहस्थ. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या तुंबलेल्या दिवसांत यंत्रांना शिकवले गेले, की टेलनेटची पुडकी दिसली की त्यांना रांगेतून पुढे सोडा. काम करणाऱ्यांना एकदम हायसे वाटले. पण ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, मुद्दाम गुप्त ठेवली होती. कारण कळले असते तर फाइलवाल्यांनी आपल्या फाइलींवर टेलनेटचा मुखवटा चढवला असता. १९८८ च्या उन्हाळ्यात जास्त रुंद वाहिनी आली आणि ती अडचण तूर्त मिटली.

हे वाचले तेव्हा मला आमच्या पोस्टातल्या बाई आठवल्या. त्यांनीही कुणाला न सांगता एक लहान पुडके पुढे सोडले होते.

वायफायच्या डब्यात भाच्याने जे केले ते याच परंपरेतले. मी त्याला विचारले, "तुझी नानी बोलत नसेल तेव्हा ती राखीव वाट रिकामीच जाते का रे?" तो म्हणाला, "नाही मामू, एस.टी.तल्या सीटसारखं आहे ते." अगदी बरोबर बोलला. एस.टी.च्या काही सीटांवर रंगवलेले असते, महिलांसाठी, अपंगांसाठी, आमदारांसाठी. ती व्यक्ती आली नाही तर आपण बसतो. आली तर उठतो. समुद्रावरची शांतता मात्र सीट रिकामी ठेवूनच धावणाऱ्या गाडीसारखी होती. कारण बुडणारा माणूस आधी नोंद करून येत नाही, आणि तो आला आहे हे कळायलाच शांतता लागते.

एस.टी.तल्या त्या सीटांकडे पुन्हा एकदा पाहा. अपंगांची जागा गरजेपोटी राखलेली आहे. आमदारांची जागा पदापोटी. ट्रंक कॉलचा लाइटनिंग पैशापोटी. वाट अरुंद असली की जागा राखण्याच्या या तीनच तऱ्हा इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतात. वरवर तिन्ही सारख्याच दिसतात, कारण तिन्हींत कुणी तरी पुढे जातो. पण मागे कोण राहतो आणि कशासाठी, हे पाहिले की फरक कळतो. आंब्याचा भाव दादीच्या निरोपाच्या पुढे गेला, कारण भावाच्या मागे आठपट पैसे होते.

आपल्या देशात हा वाद अलीकडेच होऊन गेला. इंटरनेट कंपन्यांनी काही संकेतस्थळांना स्वस्त वाट द्यावी का, यावर २०१५ मध्ये लाखो लोकांनी दूरसंचार नियामक प्राधिकरणाला पत्रे लिहिली. प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकूर पाहून वेगवेगळे दर लावायला मनाई केली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने समान वागणुकीचे तत्त्व स्वीकारले, मात्र आणीबाणीच्या आणि काही खास सेवांसाठी अपवाद ठेवला. म्हणजे पैशाच्या लाइटनिंगला नाही म्हटले आणि गरजेच्या लाल फोडीला हो म्हटले. मला हे शहाणपणाचे वाटते. कारण हे नियम छापील आहेत, कुणालाही वाचता येतात. जहाजावरची लाल फोडही प्रत्येक रेडिओ खोलीच्या भिंतीवर होती. जो गप्प बसायचा, त्याला आपण का गप्प बसतो हे ठाऊक होते.

आता त्या गाळलेल्या माणसाबद्दल सांगतो. आमच्या आधी नंबर लावून बसलेले ते गुरुजी. आम्ही बोलून बाहेर आलो तेव्हा ते बाकड्यावर तसेच होते, मांडीवर पिशवी धरून. अम्मी त्यांच्याकडे पाहून काही तरी पुटपुटली. त्यांनी मान हलवली. आम्ही घराकडे वळलो तेव्हा ऊन उतरले होते आणि खिडकीतून आत पाहिले तर तेच, तिथेच. त्यांचा फोन कुणाला होता, कशासाठी होता, तो त्या दिवशी लागला का, मला आजवर कळलेले नाही. कदाचित त्यांच्याही घरी कुणी कुणाची वाट पाहत असेल. बाईंनी आम्हाला विचारले. त्यांना कुणी विचारले नाही.

हे सगळे मनात होते म्हणून त्या दिवशी मी घरातल्या पोरांना बोलावून सांगितले, की नानीच्या फोनसाठी वाट राखली आहे, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटे तुमचे क्रिकेट अडखळेल. एक जण कुरकुरला. धाकट्याने विचारले, "पण नानी किती वेळ बोलणार?" मी त्याला भिंतीवरचे घड्याळ दाखवले. पुढच्या पंधरवड्याला डॉक्टरांचा फोन आला तेव्हा भाचा परत मुंबईला गेला होता आणि सेटिंगचे मला काही आठवत नव्हते. अम्मीने फोन कानाला लावला. पाहिले तर सहाही पोरांनी आपापले फोन उलटे करून सतरंजीवर ठेवले होते आणि धाकटा घड्याळाकडे बघत बसला होता.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)